माळवद, पत्रा आणि कुड

बोईसरला आमच्या घरामागे दहा बाय आठ फुटांची एक मोकळी जागा होती. तिथे तुटकी सायकल, पाण्याचा जुना ड्रम आणि पप्पांनी 'कधीतरी लागेल' म्हणून जपून ठेवलेले पाइपचे तुकडे पडलेले असायचे. लॉकडाऊननंतर माझं काम कायमचं घरून सुरू झालं. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि शांत आवाजात उत्तरं द्यायची. दोन खोल्यांच्या घरात ते जमेना. मागे कुकरची शिट्टी, पुढे टीव्ही. मग ठरवलं, मागच्या जागेत एक छोटी खोली उभी करायची. कॉन्ट्रॅक्टर वगैरे नको, आपली आपण.

आमच्याकडे खोली म्हणजे पत्रा. बोईसरमध्ये गाळा असो, वडापावची गाडी असो की गच्चीवरची वाढीव खोली, चार लोखंडी खांब आणि पत्रे हा ठरलेला हिशोब. फॅब्रिकेटरने दोन दिवसांत सांगाडा वेल्ड करून दिला. पत्रे मी आणि भावाने स्क्रू मारून बसवले. खिडकी भंगारातून आणली. रविवारी संध्याकाळी आत टेबल ठेवून फोटो काढला, स्टेटसला टाकला. सोमवारी दुपारी दोन वाजता आत थर्मामीटर टांगला. बाहेर सावलीत ३५ अंश होतं. आत ४२. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडत होता आणि मी कपाळावर ओला रुमाल ठेवून कुणाला तरी "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणत होते.

पप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांची नोकरी एमआयडीसीत, तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. म्हणाले, "पत्रा आहे तो, तापणारच. पण पडला तरी माणूस मरत नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्याच्या मागे काय आहे, ते मात्र ही खोली बांधतानाच पहिल्यांदा नीट कळलं.

आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. तिथे घर म्हणजे माळवद. पत्र्याच्या खोलीत वाढलेल्यांना ते डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे, म्हणून सांगते. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती. आत लाकडी खांब, त्यांच्यावर तुळया. तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. छत सपाट. त्यावर मिरच्या वाळत घालायच्या, उन्हाळ्यात रात्री झोपायचं. घर किती मोठं हे फुटांत सांगत नाहीत, किती खणांचं ते सांगतात.

मराठवाड्यातला मे महिना कोरडा असतो. दुपारी ४२-४३ आणि पहाटे चांगलंच उतरलेलं. अशा हवेत जाड माती म्हणजे मोठी बॅटरी. दिवसभराचं ऊन ती पोटात घेते आणि ते आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर बाहेरची हवा निवते, घरातली माणसं वर गच्चीवर जातात आणि माळवद रात्रभरात पुन्हा गार होतं. याला वीज लागत नाही. आजी सांगायची, भर दुपारीही घरात अंगावर काही घेऊन झोपावंसं वाटायचं.

पण माळवद पावसात गळतं. त्यामुळे दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकतात. आजोबांनी टाकली, त्यांच्या वडिलांनी टाकली. जुनी कुणी काढत नाही. थर वाढत जातो, कुठे दीड फूट, कुठे दोन. मी एकदा हिशोब केला. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. वजन सहा टनांच्या वर. माणसं एका भरलेल्या ट्रकखाली झोपत होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. विसर्जन करून गावं उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप झाला. सहा रिश्टरच्या थोडा वरचा. जगाच्या मानाने तो फार मोठा नव्हता, पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. जमिनीने मारलं त्यापेक्षा जास्त घरांनी मारलं. गोल दगड मातीत रचलेल्या भिंती दोन बाजूंना उसवल्या आणि वरचा भार खाली आला. जिथे लाकडी खांब आणि तुळयांचे सांधे धड होते, तिथे भिंती पडूनही माळवद काही ठिकाणी खांबांवर तसंच तरलेलं दिसलं. पण असं नशीब सगळ्यांचं नव्हतं.

पप्पा त्या रात्री बोईसरला नाइट शिफ्टला होते. पोचायला त्यांना दोन दिवस लागले. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, सतरा वर्षांची होती. तिला मातीतून काढणाऱ्यांत पप्पा होते. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खोलीच्या छपरावर वॉशर बसवत होतो आणि ते माझ्याकडे न बघता स्क्रू आवळत होते.

भूकंपानंतर सरकारने आधी पत्र्याच्या तात्पुरत्या शेड दिल्या. मग जागतिक बँकेच्या कर्जातून मोठी पुनर्वसन योजना आली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते आणि स्लॅबची घरं. आजी आधी शेडमध्ये राहिली आणि नंतर स्लॅबखाली. दोन्हींत तिला उकडायचं. पण माळवदाखाली ती पुन्हा कधीच झोपली नाही. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडे बोईसरला होती. दुपारी ओल्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन बसायची, पण पत्र्याविषयी तक्रार करायची नाही. थंडावा आणि जीव यांत तिने एकदाच निवड केली होती.

पत्र्याचा जन्म बंदरातला. १८२९ मध्ये हेन्री पामर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लंडनच्या गोदीसाठी नालीदार पत्र्याचं पेटंट घेतलं. युक्ती साधी होती. सपाट पत्रा हातात धरला तर लवतो, त्यालाच घड्या पाडल्या की तो ताठ उभा राहतो. त्यामुळे कमी लोखंडात मोठं छप्पर होतं. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट निघालं आणि पत्र्याचा गंजही आटोक्यात आला. मग जहाजांतून हा पत्रा जगभर गेला. गोदामं, रेल्वेच्या शेड, लष्करी छावण्या. दहा बाय दहाचं छप्पर ५० किलोच्या आत-बाहेर होतं. सहा टन कुठे आणि हे कुठे! पप्पांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच.

पण पत्रा ऊन साठवत नाही आणि अडवतही नाही. उन्हात तो साठ अंशांच्या पुढे जातो आणि खालच्या माणसाकडे तोंड करून शेगडीसारखा धगधगतो. हवा तापलेली असते ती वेगळीच. डोक्यावर जे बसतात ते त्या शेगडीचे चटके.

शेजारच्यांनी उपाय सुचवला, सिमेंटचा पत्रा घाल. एमआयडीसीच्या जुन्या शेडवर असतो तो करडा पत्रा. लोखंडापेक्षा कमी तापतो हे खरं. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या लुडविग हाट्शेकने सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पातळ पण मजबूत पत्रे करायची रीत काढली. जळत नाही, गंजत नाही, स्वस्त पडतो. पण तेच तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की कॅन्सर होऊ शकतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. पन्नासहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून विकले जातात. आहे तिथे न हलवलेला पत्रा एक वेळ ठीक, पण आपण घरी काय करतो? भंगारातून आणतो, ड्रिल मारतो, कटरने कापतो, वर झाडू मारतो. नेमका तेव्हाच तंतूंचा धुरळा उडतो. भंगारवाल्याकडे मी चार पत्रे पसंत करून ठेवले होते. ते तिथेच राहू दिले.

मग मी व्हिडिओ बघितले. युरोप-अमेरिकेतले लोक बागेत लाकडी ऑफिस बांधतात, भिंतीत इन्सुलेशन भरतात, फटी फोमने बंद करतात. मीही थर्मोकोलच्या दोन इंची शीट आणल्या, आतून सगळीकडे लावल्या, वर प्लायवूड ठोकलं आणि प्रत्येक फट सिलिकॉनने बुजवली. थर्मोकोलमध्ये ९८ टक्के हवा असते. अडकून पडलेली, न हलणारी हवा उष्णता फार हळू जाऊ देते, एवढंच त्याचं रहस्य.

हे रहस्य मुंबईला थर्मोकोलच्या शंभराहून जास्त वर्षं आधी माहीत होतं. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने मुंबईत यायचा. विषुववृत्त ओलांडून, चार-चार महिन्यांचा प्रवास करून. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने ते जमवलं, कशाने? लाकडाच्या भुशाने. भुशातली हवा बर्फाला सांभाळायची. काही बर्फ वाटेत वितळायचा, पण बराचसा पोचायचा. मुंबईत तो ठेवायला बर्फघरही उभं राहिलं.

पण बर्फ आणि माणूस यांत एक फरक आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. बर्फ स्वतः उष्णता तयार करत नाही. मी करते. बसलेलं माणूस शंभर वॉटच्या जुन्या बल्बएवढी ऊब देतं. शिवाय लॅपटॉप, राउटर. माझ्या खोलीत दुपारी आता ३८ अंश होतं, म्हणजे फायदा झाला होता. पण रात्री नऊला बाहेर २९ असताना आत ३६ होतं. मी स्वतःला थर्मासमध्ये भरून घेतलं होतं. व्हिडिओतल्या लोकांना हिवाळ्यात ऊब कोंडायची असते. आपल्याला ती घालवायची असते. जुलै आला आणि प्लायवूडच्या मागे काळी बुरशी धरली. आमच्याकडे पावसाळ्यात डाळीला अळ्या होतात, चपला पांढऱ्या पडतात. तिथे बंद भिंतीच्या पोटात काय होणार?

पप्पांच्या खात्यातले एक काका विक्रमगडकडचे, वारली समाजातले. माझी फजिती ऐकून हसले आणि म्हणाले, "एकदा घरी ये. कुड बघ."

त्यांच्या अंगणात दोन घरं होती. एक योजनेतून मिळालेलं विटा-सिमेंटचं घरकुल, पिवळा रंग दिलेलं. बाजूला जुनं कुडाचं घर, अर्धं उतरवलेलं. दुपारी सगळं कुटुंब त्या उरलेल्या अर्ध्यात बसलं होतं. घरकुलात फ्रिज, कपाट आणि कागदपत्रं होती.

कुड म्हणजे कारवीची भिंत. कारवी हे सह्याद्रीच्या उतारावरचं झुडूप. सात वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा करून फुलतं आणि मग वाळतं. त्याच्या सरळ काठ्या उभ्या लावतात, आडव्या काठ्यांनी बांधतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा करतात. मातीत भाताचं तूस मिसळलेलं असतं. तूस म्हणजे पुन्हा अडकलेली हवा. भिंत जेमतेम तीन-चार इंच. वर उतरतं छप्पर, इतकं खाली आलेलं की वाकूनच आत जायचं, त्यामुळे भिंतीला ऊन लागतच नाही. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट: भिंत छपराला टेकत नाही. वर हातभर फट असते. चुलीचा धूर तिथून जातो, गरम हवाही तिथूनच जाते.

किनाऱ्याजवळच्या दमट हवेत दिवस आणि रात्र यांत फार फरक नसतो. म्हणून इथे माळवदाची बॅटरी चालत नाही. रात्री ती रिकामीच होणार नाही. इथे सावली हवी, हलकी भिंत हवी आणि वारा हवा. मराठवाड्याने आणि पालघरने एकाच उन्हाला दोन वेगळी उत्तरं दिली होती आणि दोन्ही बरोबर होती.

जगाला ठाऊक असलेली वारली चित्रकला याच भिंतीवरची. लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. १९७० च्या दशकात ती कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती देशोदेशी नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती चित्रं मॉलच्या भिंतींवर आणि मोबाइल कव्हरवर आहेत. जिच्यासाठी ती होती ती भिंत मात्र जनगणनेच्या भाषेत 'कच्ची' ठरते. गवत, बांबू, माती, कच्ची वीट, सगळं एकाच रकान्यात. घरकुल हवं तर आपलं घर कच्चं आहे हे आधी मान्य करावं लागतं. काकांना ते मान्य करण्यात काही वावगं वाटत नव्हतं. "दरवर्षी लिंपायचं, वाळवी बघायची, छप्पर शाकारायचं. बायकांची कंबर जाते," काकी म्हणाल्या. "आणि कारवी आणायची कुठून? पूर्वी जंगलात गेलं की आणली. मग गार्डाची भीती." १८७८ च्या वन कायद्यापासून जंगलातल्या काठीलाही परवानगीचा प्रश्न चिकटला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि झुडपी लाकूड गौण वनोपज मानून त्यावरचा हक्क मान्य केला. पण तोवर अनेक पाड्यांवर कुड बांधणारे हात म्हातारे झाले होते.

मी निघताना काका एक गोष्ट बोलून गेले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. छोटे, पण महिनोन् महिने, पुन्हा पुन्हा. लोक थंडीत तंबूत झोपत होते. बोईसरलाही हादरे जाणवायचे. त्या रात्री पप्पा आम्हाला सगळ्यांना उठवून रस्त्यावर नेत आणि उजाडेपर्यंत आत येऊ देत नसत. मी तेव्हा चिडायचे. काका म्हणाले, "विटांच्या घरांना भेगा गेल्या. कुड नुसता हलला. माती पडली थोडी, परत लिंपली."

घरी येऊन मी हे पप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र कुणाची तरी गाडी मागून ते स्वतः विक्रमगडला गेले आणि काकांच्या उतरवलेल्या भिंतीच्या कारवीचे दोन भारे घेऊन आले. काकी ते चुलीत घालणार होत्या.

आम्ही प्लायवूड आणि थर्मोकोल उतरवलं. थर्मोकोल तसंही वायरिंगच्या जवळ धोक्याचं, एका ठिणगीत पेट घेतं. छपराच्या पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले, पांढरा रंग ऊन परत पाठवतो. पत्र्याच्या खाली आठ इंच सोडून दुसरं छत केलं. त्यासाठी भंगारातून कोल्ड रूमचे पफ पॅनेल आणले, दोन बाजूंना पत्रा आणि मध्ये फोम. मधली आठ इंचाची पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवली, म्हणजे वरचा पत्रा तापला की तिथली हवा वाहून जाते, आत येत नाही. वायर सगळ्या पाइपातून नेल्या. भिंतीच्या वरच्या बाजूला चारही बाजूंनी हातभर फट ठेवली, डासांची जाळी मारून. आणि पश्चिमेचा पत्रा काढून तिथे कुड घातला. त्यावर पाऊस येऊ नये म्हणून छप्पर दोन फूट पुढे ओढलं.

माती तुडवायला पप्पा उतरले. माती, शेण आणि तूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तीस वर्षं जे मातीच्या भिंतीचं नाव काढू देत नव्हते, ते मला सांगत होते की अजून पाणी घाल, चिकटत नाही. लिंपण करताना त्यांचा हात असा फिरत होता की विसरलेलं काही आठवतंय. मग मध्येच थांबले, भिंतीला खांद्याने जोरात धक्का दिला. कुड हलला आणि परत जागेवर आला. त्यांनी तीनदा धक्का दिला.

या एप्रिलमध्ये दुपारी दोनला बाहेर ३५ असताना आत ३६ होतं. पंखा लावला की काम होतं. रात्री खोली बाहेरइतकीच गार असते. कुकरची शिट्टी ऐकू येते, फटी आहेत ना. कस्टमर विचारतात, मी सांगते, घरून बोलतेय.

कुडाला दोन ठिकाणी भेगा पडल्यात. काकी म्हणाल्या, पहिल्या वर्षी पडतातच, पाऊस संपला की वरून पातळ हात दे. दिवाळीच्या आधी ते करायचं आहे. जेवण झाल्यावर पप्पा हल्ली माझ्या खोलीत सतरंजी टाकून पडतात, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून. मी म्यूट करते आणि त्यांचं घोरणं संपायची वाट बघते.